‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुलांना कधी दाखवावा?

मूल तिसरी-चौथीत गेलं की हा प्रश्न घरात येतोच. वर्गातल्या कुणीतरी मोठ्या भावाबरोबर ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पाहिलेला असतो आणि मग “सगळ्यांनी पाहिलाय, फक्त मीच राहिलोय” हे पालुपद सुरू होतं. पीटर जॅक्सनचे हे तीन चित्रपट २००१, २००२ आणि २००३ मध्ये आले. तेव्हा कॉलेजात असलेली पिढी आज आई-बाबा झाली आहे. आपल्याला जे इतकं आवडलं ते मुलांना कधी एकदा दाखवतो, अशी घाई त्यांनाही असते. घरात दोन्हीकडून उत्साह असला की “जरा थांबू या” म्हणणारं कुणीच उरत नाही.

फँटसीच्या बाबतीत गफलत होण्याचं आणखी एक कारण आहे. जादूगार, बुटके, बोलणारी झाडं, जादूची अंगठी हे सगळं ऐकून वाटतं, ही मुलांचीच गोष्ट आहे. खून-दरोड्याच्या चित्रपटाबाबत आपण जितके सावध असतो, तितके इथे राहत नाही. खरं तर अशा चित्रपटांत मारामारी किती आहे हे मोजून भागत नाही. आपल्या मुलाला आज, या वयात, कशाची भीती वाटते हे आधी माहीत असावं लागतं. तेवढं कळलं की बाकीचा निर्णय बराच सोपा होतो. तो कसा घ्यायचा, हे याच चित्रत्रयीच्या आधाराने पाहू.

पुस्तक मुलांचं म्हणून चित्रपटही मुलांचा?

जे. आर. आर. टोल्कीन हे ऑक्सफर्डचे प्राध्यापक. त्यांच्या ‘द हॉबिट’चं हस्तलिखित १९३६ मध्ये प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांच्याकडे आलं. मुलांचं पुस्तक मुलानेच तपासावं, म्हणून त्यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला वाचायला दिलं. रेनरने अभिप्राय लिहिला, त्याबद्दल त्याला एक शिलिंग मिळाला. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हे पुस्तक आवडेल, असं त्याचं मत पडलं. १९३७ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि खूप खपलं.

वाचकांना पुढची गोष्ट हवी होती. ती लिहायला बसलेल्या टोल्कीन यांच्या हातून मात्र निराळंच पुस्तक घडत गेलं. १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलेलं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हे सत्तेचा मोह, युद्ध आणि मृत्यू यांविषयीचं गंभीर पुस्तक आहे. टोल्कीन १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होते आणि पहिल्या महायुद्धाने त्यांचे जिवलग मित्र हिरावून नेले होते. जॅक्सन यांनीही न्यूझीलंडमध्ये सुरुवात केली ती अंगावर येणाऱ्या, रक्तबंबाळ भयपटांपासून. भीती कशी उभी करायची हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, आणि या तीन चित्रपटांत ते जागोजागी जाणवतं.

‘द हॉबिट’चंच पाहा. पुस्तक मुलांचं. त्यावरच्या २०१२ ते २०१४ या काळातल्या तिन्ही चित्रपटांना मात्र अमेरिकेत ‘पीजी-१३’ मिळालं, आणि शेवटच्या भागाच्या वाढीव आवृत्तीला तर ‘आर’, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी पालकांशिवाय पाहू नये असा दर्जा. तेव्हा पुस्तक शाळेच्या वाचनालयात आहे एवढ्यावरून चित्रपटाबद्दल निष्कर्ष काढू नये.

प्रमाणपत्र वाचायला शिका

आपल्याकडे १९८३ पासून ‘यूए’ हे प्रमाणपत्र आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या मार्गदर्शनाखाली दाखवा, असा त्याचा अर्थ होता. पण सहा वर्षांच्या आणि अकरा वर्षांच्या मुलाला एकाच मापात बसवणारं हे प्रमाणपत्र पालकांच्या फारसं कामी येत नव्हतं. २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ पासून ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ आणि ‘यूए १६+’ असे तीन टप्पे आले. ओटीटीवर तर २०२१ च्या नियमांपासूनच हे टप्पे दाखवले जातात, आणि ‘१३+’ व त्यावरच्या मजकुराला पालकांनी लॉक लावण्याची सोय देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. हे लॉक बहुतेक घरांत सुरूच केलेलं नसतं. आजच रिमोट हातात घ्या आणि सेटिंगमध्ये जाऊन ते सुरू करा.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ‘ए’ प्रमाणपत्र असलेल्या चित्रपटाला अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. ‘यूए’चे तिन्ही टप्पे मात्र पालकांसाठी सल्ला म्हणून आहेत. ‘यूए १६+’ चित्रपटाला तुम्ही आठ वर्षांच्या मुलीला घेऊन गेलात, तर कायदा तुम्हाला अडवत नाही. तो निर्णय कायद्याने तुमच्यावर सोपवला आहे.

देशोदेशीची मापंही सारखी नसतात. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिन्ही भागांना अमेरिकेत ‘पीजी-१३’ मिळालं. ब्रिटनमध्ये पहिल्या भागाला ‘पीजी’, तर पुढच्या दोन्ही भागांना ‘१२ए’, म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलाबरोबर मोठं माणूस हवंच. आपल्याकडे ‘यूए’ मिळालेल्या ‘बाहुबली २’ला २०१७ मध्ये सिंगापूरने सोळा वर्षांखालच्यांना बंदी केली होती. तिथल्या मंडळाला त्यातली मुंडकी उडवण्याची दृश्यं जास्त वाटली.

प्रमाणपत्रातून रक्त, शिव्या आणि शरीरप्रदर्शन यांचा साधारण अंदाज येतो, आणि तो उपयोगीही आहे. आपलं मूल कशाने दचकेल, हे मात्र त्यातून कळत नाही.

वयाप्रमाणे भीती बदलते

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जोआन कँटर यांनी मुलं पडद्यावरच्या गोष्टींना का घाबरतात, याचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यातला एक निष्कर्ष प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा असा आहे. शाळेच्या उंबरठ्यावरची मुलं जे दिसतं त्याला घाबरतात. थोडी मोठी झालेली मुलं जे घडू शकेल त्याला घाबरतात. टीव्हीवरच्या ‘द इनक्रेडिबल हल्क’ मालिकेत बालवाडीच्या वयाच्या मुलांना सगळ्यात जास्त भीती वाटली ती साध्या माणसाचा हिरवा राक्षस होतो त्या क्षणाची. हा राक्षस चांगला आहे, लोकांना वाचवतो, याचा त्यांना काहीच दिलासा नव्हता.

हे कळल्यावर ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला भाग पुन्हा पाहा. रिव्हेंडेल या ठिकाणी म्हातारा बिल्बो कथानायक फ्रोडोला मायेने आपलं चिलखत देतो. ते घालून बघायला फ्रोडो सदऱ्याची बटणं सोडतो आणि गळ्यातली जादूची अंगठी दिसते. बिल्बोला ती एकदा हातात घ्यायची असते. फ्रोडो सदरा सावरायला लागतो, तोच बिल्बोचा चेहरा विस्कटतो, डोळे बदलतात, दात दिसतात, आणि तो झडप घालतो. सगळा खेळ क्षणभराचा. लगेच तो पुन्हा थकलेला, प्रेमळ म्हातारा होतो आणि रडू लागतो. रक्ताचा थेंबही नाही. पण सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर आजोबांचा राक्षस झालेला असतो. पुढचा तासभर ते त्यातून बाहेर येत नाही. आई-बाबा मात्र पुढच्या लढाईत मुलाचे डोळे झाकायच्या तयारीत बसलेले असतात.

आठ ते अकरा या वयात चित्र पालटतं. राक्षस खोटे असतात, हे आता मुलाला कळतं. त्याला हलवून जाते ती ताटातूट. दुसऱ्या भागात गावावर हल्ला होतो तेव्हा एक आई आपल्या दोन मुलांना घोड्यावर बसवून पुढे पाठवते आणि स्वतः मागे राहते. मोठ्यांच्या लक्षातही न राहणारा हा प्रसंग नऊ वर्षांची मुलगी विसरत नाही. पुढे त्यांची भेट होते, हे तिला आधीच सांगितलं तर ती तो प्रसंग धीराने पाहू शकते.

बारानंतर भीती आणखी आत जाते. तिसऱ्या भागात राज्याचा कारभारी डेनेथॉर आपल्या जिवंत मुलाला मेलेला समजून त्याच्यासकट चितेवर चढतो. हा बाप दोन मुलांत उघड दुजाभाव करतो आणि थोरला गेल्यावर धाकट्याला तोंडावर सांगतो की त्याच्याऐवजी तू गेला असतास तर बरं झालं असतं. घरात सतत तुलना होत असलेल्या किशोरवयीन मुलाला ऑर्क नावाच्या राक्षसांच्या सैन्यापेक्षा हे जास्त लागतं.

तीन भाग, तीन निवाडे

हे तिन्ही चित्रपट एका वयाला एकदम दाखवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ (१७८ मिनिटं) हा त्यातल्या त्यात सौम्य. सुरुवातीला हॉबिटांचं हिरवंगार गाव, वाढदिवस, आतषबाजी. मग काळे घोडेस्वार, मोरियाच्या खाणीतले सापळे, गुहेतला ट्रोल, आगीचा राक्षस बालरॉग. जादूगार गॅन्डाल्फ दरीत कोसळतो तो धक्का मोठा असतो, आणि बोरोमीर बाण झेलत मरतो तो प्रसंग लांब आणि दुःखाचा आहे. नऊ-दहा वर्षांच्या, गोष्टींची सवय असलेल्या मुलाला पालकांबरोबर हा भाग झेपतो.

‘द टू टॉवर्स’ (१७९ मिनिटं) जास्त काळोखा आहे. दलदलीत पाण्याखाली मेलेल्यांचे चेहरे दिसतात. हेल्म्स डीपची लढाई पावसात, रात्री, बराच वेळ चालते. लढाईच्या आधी म्हाताऱ्यांच्या आणि कोवळ्या मुलांच्या हातात शस्त्रं दिली जातात, आणि आपल्याच वयाचा मुलगा तिथे थरथरत उभा असल्याचं मुलाला दिसतं. यासाठी अकरा वर्षं हे वय बरं.

‘द रिटर्न ऑफ द किंग’ (२०१ मिनिटं) बाराच्या आत नको. चित्रपट सुरू होतो तोच एक मित्र दुसऱ्या मित्राचा गळा दाबतो तिथून. शत्रू शहराच्या तटावरून कापलेली मुंडकी आत फेकतो. आणि मग शेलॉब येते. ती कोळीण अंधाऱ्या बोगद्यात फ्रोडोच्या मागावर असते, आवाज न करता त्याच्या डोक्यावर येते, नांगी मारते आणि त्याला जाळ्यात गुंडाळते. कोळ्याची भीती असलेल्या मोठ्या माणसांनाही हे बघवत नाही. शेवटी अंगठीचा ध्यास घेतलेला गॉलम फ्रोडोचं बोट चावून तोडतो.

दोन भागांत हवी तेवढी विश्रांती घ्या, एखादं वर्ष गेलं तरी बिघडत नाही. एकाच शनिवार-रविवारी तिन्ही भाग संपवायचा बेत मुलांसाठी करू नका. वाढीव आवृत्त्या तर मुलं मोठी होईपर्यंत बाजूलाच ठेवा. त्या बऱ्याच लांब आहेत, आणि तिसऱ्या भागात काही क्रूर दृश्यंही जास्तीची आहेत.

हिंसा कशासाठी आहे, तेही पाहा

या चित्रपटांत मारामारी खूप आहे, पण ती कशासाठी आहे हे पालकांनी मुलाला दाखवायला हवं. फ्रोडो गॉलमला मारू शकतो आणि मारत नाही. गॅन्डाल्फने त्याला आधीच समजावलेलं असतं की जीव घेण्याची घाई करू नये. या एका दयेवर पुढे सगळ्या जगाचं नशीब ठरतं. थेओडेन राजा आपल्या मुलाला मूठमाती दिल्यावर गॅन्डाल्फसमोर कोसळून रडतो. सॅम आपल्या मित्राला, फ्रोडोला, पाठीवर घेऊन डोंगर चढतो. शूर माणसं रडतात, मित्राला जपतात, सत्ता हातात आली तरी नाकारतात, हे मुलांनी पाहावं असंच आहे.

दुसरी बाजूही मुलाशी बोला. ऑर्क जन्मतःच वाईट दाखवले आहेत, त्यांचं रक्तही काळं आहे, आणि नायकांच्या टोळीतले लेगोलस व गिम्ली मारलेल्यांची संख्या मोजत चढाओढ करतात. मूल त्यावर हसतं, ते स्वाभाविक आहे. चित्रपट संपल्यावर एवढंच विचारा, “खऱ्या लढाईत समोर कोण असतं?” दहा वर्षांचं मूल यावर बरंच बोलतं.

आधी तुम्ही पाहा

मुलाला दाखवण्याआधी चित्रपट स्वतः पाहा. पूर्वी पाहिला असला तरी पुन्हा पाहा, कारण वीस वर्षांपूर्वी आपण मुलाच्या डोळ्यांनी पाहत नव्हतो. ट्रेलरवर विसंबू नका. पाहताना हे प्रश्न मनाशी ठेवा:

• ओळखीचा, प्रेमळ चेहरा अचानक भयंकर होतो का?
• आई-वडील किंवा सांभाळणारं माणूस मरतं, हरवतं किंवा उलटतं का?
• मुलं धोक्यात आहेत का, आणि ती सुटतात का?
• माझ्या मुलाची खास भीती यात आहे का? अंधार, कोळी, पाणी, उंची, मोठा आवाज?
• भीतीच्या प्रसंगानंतर श्वास घ्यायला जागा मिळते का, की एकामागून एक मारा चालू राहतो?
• तीन तास बसण्याची आणि सारखी येणारी नवी नावं लक्षात ठेवण्याची ताकद माझ्या मुलात आहे का?

यातल्या दोन-तीन प्रश्नांपाशी तुम्ही अडखळलात, तर सहा महिने थांबा. चित्रपट कुठे पळून जात नाही.

पाहताना आणि पाहिल्यावर

पहिल्यांदा घरीच पाहा. थिएटरमधला अंधार आणि आवाज भीती कितीतरी वाढवतात, आणि तिथे थांबवायची सोय नसते. घरी संध्याकाळऐवजी दुपारी लावा, खोलीत दिवा ठेवा, आवाज बेताचा ठेवा आणि रिमोट मुलाच्या हातात द्या. हवं तेव्हा थांबवता येतं, हे माहीत असलं की मूल जास्त धीट होतं. पहिल्या भागात रिव्हेंडेलची सभा संपून नऊ जणांची टोळी ठरते तिथे थांबा, उरलेला दुसऱ्या दिवशी पाहा.

मूल घाबरलं तर वयाप्रमाणे वागा. कँटर यांचा अभ्यास इथेही उपयोगी पडतो. लहान मुलांना “हे खोटं असतं” सांगून फारसा फरक पडत नाही. त्यांना जवळ घ्या, पांघरूण द्या, पाणी द्या, दुसऱ्या खोलीत न्या. आठ-नऊच्या पुढच्या मुलांना माहितीने धीर येतो. गॉलम संगणकावर बनवला आहे आणि त्याच्या हालचाली अँडी सर्किस या नटाने केल्या आहेत हे सांगा, चित्रीकरणाचे व्हिडिओ दाखवा. “एवढ्याला काय घाबरतोस?” हे वाक्य मात्र कधीच नको. ते ऐकलेलं मूल पुढच्या वेळी भीती लपवतं.

नंतरचे चार-पाच दिवस लक्ष ठेवा. एकट्याने झोपायला नकार, स्वच्छतागृहात जाताना सोबत हवी, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगणं, यातलं काही दिसलं तर चित्रपट लवकर झाला, असं समजा. मुलाला बोलू द्या, चित्र काढू द्या आणि पुढचा भाग लांबणीवर टाका.

घरात मोठं आणि धाकटं अशी दोन मुलं असतील तर ठरवताना धाकट्याचं वय धरा. मोठ्याला दाखवायचाच असेल तर धाकट्याला त्या दुपारी आजीकडे किंवा शेजारी पाठवा. “तो मध्येच झोपून जाईल” हा अंदाज सहसा चुकतो.

तोवर काय दाखवावं?

थांबायचं म्हणजे फँटसीपासून दूर ठेवायचं, असं नाही. सात-आठच्या मुलांना ‘हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन’ (२०१०) आणि त्यानंतर ‘नार्निया’चा पहिला चित्रपट (२००५) या चांगल्या पायऱ्या आहेत. मियाझाकींचा ‘स्पिरिटेड अवे’ (२००१) अप्रतिम आहे, पण त्यात सुरुवातीलाच आई-वडिलांची डुकरं होतात, हे लहानग्यांच्या बाबतीत विसरू नका. आपल्या मातीतल्या गोष्टीवरचा म्हणून ‘तुंबाड’ (२०१८) मुलांना दाखवायचा मोह होईल. त्याला ‘ए’ प्रमाणपत्र आहे आणि ते योग्यच आहे.

सगळ्यात चांगली तयारी म्हणजे वाचन. ‘द हॉबिट’ रोज रात्री एक प्रकरण मोठ्याने वाचा. वाचताना मूल आपल्याला पेलेल तेवढंच भयंकर चित्र मनात उभं करतं, त्यामुळे पुस्तकातली भीती त्याच्या आवाक्यात राहते. वाचायला गोडी लागलेल्या मोठ्या मुलांसाठी मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मूळ त्रिखंडाचा मराठी अनुवाद केला आहे. गोष्ट आधी माहीत असलेलं मूल चित्रपटाला सहसा कमी घाबरतं आणि त्याचा आनंदही जास्त घेतं.

वर्गातल्या सगळ्यांनी पाहिला असेल, तुम्हाला दाखवायची कितीही घाई असेल, तरी आपल्या मुलाकडे पाहूनच ठरवा. पहिल्यांदा पाहण्याचा आनंद आयुष्यात एकदाच मिळतो. आठव्या वर्षी तो भीतीत घालवण्यापेक्षा अकराव्या वर्षी पोटभर मिळू द्या.